‘पाठवलं’ आणि ‘मिळालं’

भोसरी एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी असते. त्या बुधवारी संध्याकाळी पावणेसहाला चाकणच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, ‘मॅडम, तुमच्या पिना शुक्रवारी पहिल्या शिफ्टला लाइनवर लागतील. चारशे.’ मी वही उघडली. माझ्या वहीप्रमाणे चारशे पिना आठ दिवसांपूर्वी हीट ट्रीटमेंटला गेल्या होत्या. हीट ट्रीटमेंटवाल्या काकांच्या वहीप्रमाणे त्या सोमवारीच प्लेटिंगला रवाना झाल्या होत्या. प्लेटिंगवाल्या भाऊंच्या वहीत तीन क्रेट होते, आणि मोजल्यावर निघाल्या ३५३. उरलेल्या ४७ तिन्ही वह्यांत कुठेच नव्हत्या.

गुरुवारी सकाळी स्कूटी काढून काकांच्या शेडवर गेले. वीज बंद, भट्टी थंड. वॉचमननं शटर अर्धं वर करून दिलं, मी वाकून आत शिरले आणि मोबाइलच्या उजेडात शोधत राहिले. तापलेला माल बुडवायच्या क्वेंच ऑइलच्या टाकीमागे अर्धा भरलेला चौथा क्रेट होता. तारेनं बांधलेला आमचा टॅग तेल पिऊन इतका काळा झाला होता की नंबर वाचायला नखानं खरवडावा लागला. मोजल्या. ४७ भरल्या. पिना काळ्या पडल्या होत्या, म्हणजे भट्टीतून निघाल्या होत्या. नुसतं हार्डनिंग झालं होतं की ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवून टेम्परिंगही, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं.

शुक्रवारी ३५३ पिना गेल्या, उरलेल्या शनिवारी. पाठोपाठ चाकणहून डेबिट नोट आली, म्हणजे उशिराबद्दल आमचे पैसे कापल्याचा कागद. ती टेबलावर ठेवून आमचे साहेब म्हणाले, ‘तीन वह्या हव्यातच कशाला? एकच ठेवा. क्लाउडवर.’ चहा सांगावा तसं म्हणाले. स्टोअर आणि डिस्पॅच माझ्याकडे, म्हणून ते कामही माझ्याच गळ्यात पडलं. त्याला आता दोन वर्षं होतील.

आमचं काम तसं साधं आहे. एन १९ या जातीच्या पोलादाच्या बारमधून आम्ही लेथवर टर्निंग करून पिना काढतो. एका पिनेचं वजन १८० ग्रॅम. त्या हीट ट्रीटमेंटला जाऊन ३८ ते ४२ एचआरसी इतक्या कडक होतात, मग त्यांच्यावर ८ मायक्रॉन झिंक, म्हणजे जस्ताचं प्लेटिंग, मग ओव्हनमध्ये बेकिंग. हे बेकिंग फार महत्त्वाचं. ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि तो तसाच राहिला तर पिन कधीतरी, काही न सांगता, कट्कन तुटते. म्हणून गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवरच लिहिलेलं असतं, प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत ओव्हनमध्ये, तापमान १९० ते २२०.

आता यातली मेख अशी, की जीएसटीच्या कायद्यानं एका जॉबवर्करकडून, म्हणजे आपल्या मालावर काम करून देणाऱ्याकडून, माल थेट दुसऱ्याकडे पाठवता येतो, मालासोबतच्या चलानावर शेरा मारून. टेम्पोचं भाडं वाचतं, म्हणून आम्ही तसंच करतो. माल वर्षाच्या आत परत आला नाही तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरलं जातं आणि कर बसतो. वर आयटीसी-०४ भरायचा, म्हणजे जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा सरकारी फॉर्म. पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर वर्षातून दोनदा. म्हणजे पिना काकांकडून भाऊंकडे जातात, मला मध्ये दिसतसुद्धा नाहीत, आणि हिशेब मात्र माझ्या नावावर.

पहिला प्रयोग म्हणजे शेअर केलेली शीट. फुकट होती, सगळ्यांच्या फोनवर उघडत होती. तीन आठवडे छान चालली. मग कोणीतरी तारखेप्रमाणे लावायला गेलं आणि फक्त तारखेचाच कॉलम निवडून सॉर्ट केलं. तारखा वरखाली झाल्या, चलान नंबर जागेवरच राहिले. हे लक्षात येईपर्यंत त्याच शीटवर पुढच्या दोन दिवसांच्या नोंदी चढल्या होत्या. जुनी आवृत्ती परत आणता येत होती, पण मग ते दोन दिवस गेले असते. कोणी केलं ते आजतागायत कोणी कबूल केलेलं नाही. मला संशय आमच्याच ऑफिसवर आहे.

दुसरा प्रयोग तयार सॉफ्टवेअरचा. विकायला आलेला माणूस चांगला बोलका होता, पडद्यावर रंगीत बाण इकडून तिकडे धावत होते. मी काकांना डेमोला बोलावलं. काका शेवटपर्यंत गप्प बसले आणि मग खिशातून एक छोटी डायरी काढून माझ्यापुढे धरली. अकरा गिऱ्हाइकांची अकरा पोर्टलं, प्रत्येकाचं यूजरनेम, पासवर्ड, आणि काहींपुढे खोडून खोडून चौथा-पाचवा पासवर्ड. ‘ताई, हे बारावं. माझ्याकडे भट्टीवर दोन माणसं आहेत. त्यांनी भट्टी बघायची की तुमची सगळ्यांची पोर्टलं?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर एकटीनं भेटायला गेले तेव्हा त्यांनी दुसरं कारणही सांगितलं. पोर्टलवर भट्टीचं पूर्ण वेळापत्रक भरायचं होतं. ते गिऱ्हाइकाला दिसलं की भट्टी कधी रिकामी असते ते कळणार आणि पुढच्या वेळी रेट पाडून मागणार. काकांची भीती खोटी नव्हती. आमच्या साहेबांनी नेमकं तेच केलं असतं.

तेव्हा ठरवलं की काकांचं घर उघडं करायचं नाही, फक्त उंबरठा बघायचा. माल आत आला, माल बाहेर गेला, किती, केव्हा, कोणाच्या हातून. बस्स. भट्टीत काय चाललंय ते त्यांचं त्यांच्याकडे. लॉगिन नाही, पासवर्ड नाही. क्रेटच्या टॅगवर क्यूआर कोड, तो स्कॅन केला की फोनवर दोन मोठी बटणं, ‘पाठवलं’ आणि ‘मिळालं’. टॅग मात्र कागदाचा नको. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर कोरलेला, तेलात बुडाला तरी पुसून वाचता येईल असा. सगळ्या प्रकल्पात मला सगळ्यात जास्त समाधान या पट्टीनं दिलं.

चिंचवडच्या दोघा जणांच्या एका छोट्या कंपनीतल्या पोरानं हे करायला घेतलं. क्लाउड कोणाचा घ्यायचा यावर त्यानं मला तासभर समजावलं. मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटर २०१५ पासून पुण्यात आहे, ॲमेझॉनचं २०१६ पासून मुंबईत, गूगलचं २०१७ पासून मुंबईत. तेव्हा माहिती देशातच राहील आणि वेगही मिळेल. तिघांपैकी एक घेतला. कुठला, त्यानं पुढच्या गोष्टीत काही फरक पडत नाही.

फरक कशानं पडतो ते त्यानं कागदावर मांडून दाखवलं ते माझ्या डोक्यात बसलं. सेवा ९९.९ टक्के चालू राहील असा करार असतो. ऐकायला भरभक्कम. पण ३० दिवसांच्या महिन्यात उरलेला दशांश टक्का म्हणजे ४३ मिनिटं. आणि अशा तीन सेवा एकापुढे एक जोडल्या, तिन्ही चालू असतील तरच काम होणार असेल, तर महिन्याला दोन तासांच्या वर खोळंबा धरून चालायचं. करारापेक्षा जास्त वेळ बंद राहिली तर भरपाई काय? बिलात सूट. आमचं बिल महिन्याला साडेतीन हजारांच्या घरात. म्हणजे चाकणची लाइन थांबली तर आम्हाला डेबिट नोट, आणि क्लाउडवाल्यांकडून पुढच्या बिलात काहीशे रुपये कमी. हे कळल्यावर त्या टक्केवारीकडे मी पुन्हा पाहिलं नाही. शिवाय आमच्याकडे दर गुरुवारी वीज जाते, भाऊंच्या शेडच्या मागच्या भागात रेंज नाही आणि काकांचा फोन निम्म्या वेळा भट्टीजवळ तापून बंद पडतो. मुंबईतल्या त्या इमारतीत काय बिघडेल याची चिंता करण्याआधी हे तीन प्रश्न होते.

म्हणून मधे रांग ठेवली. रांग म्हणजे टपालपेटी म्हणा. मी ‘पाठवलं’ दाबलं की निरोप रांगेत जाऊन पडतो. काकांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर चालू झाला की तो तिथून उचलतो आणि त्यांच्या स्वतःच्या हिशेबात टाकतो. कॉम्प्युटर बंद असला तर निरोप थांबून राहतो. दोघांनी एकाच वेळी जागं असायची गरज नाही. हे मला फार आवडलं होतं. दिवाळीपर्यंत.

दिवाळीत भोसरीतली छोटी शेडं आठवडाभर बंद असतात. आम्ही मात्र चाकणच्या दडपणामुळे धनत्रयोदशीपर्यंत मशिन चालवली आणि सहा चलानांचा माल काकांच्या शेडवर उतरवून आलो. वॉचमननं ठेवून घेतला. ‘पाठवलं’चे सहा निरोप रांगेत. सुट्टी संपली, काकांनी कॉम्प्युटर चालू केला, आणि रांग रिकामी. एकही निरोप नाही. माल मात्र समोर.

पोराला फोन केला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘ताई, माझी चूक.’ रांगेत निरोप किती दिवस ठेवायचा याची मुदत असते. काही न सांगितलं तर ती ४ दिवसांची होती; १४ दिवसांपर्यंत वाढवता येत होती. त्यानं ती तशीच सोडली होती. चौथ्या दिवशी, बहुधा भाऊबीजेच्या सुमारास, निरोप आपोआप पुसले गेले. बिघाड काहीच नव्हता. सगळं जसं ठरवलं होतं तसंच चाललं होतं. आमची सुट्टी किती दिवसांची असते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, इतकंच. हे सांगायला हवं होतं मी.

निरोप वाचले ते चलानाच्या पुस्तकामुळे. चलान तीन प्रतींत असतं, एक माल घेणाऱ्याची, एक टेम्पोवाल्याची, एक आमची. कार्बन लावून लिहिलेलं. सहाही चलानं पुस्तकातून बघून पुन्हा चढवली. साहेबांचा आग्रह होता की आता क्लाउड आला, पुस्तक बंद करा. त्या दिवसानंतर त्यांनी विषय काढला नाही. मुदत १४ दिवसांची केली, आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे निरोप रांगेत टाकायच्या आधी आमच्याकडे कायमचा लिहून ठेवायला लागलो. दोन दिवस कोणी उचलला नाही की मला सूचना येते. रांग म्हणजे टपालपेटी; पेटीला कोणी दप्तरखाना समजू नये.

यानंतरचं दुखणं उलटं होतं. निरोप हरवायचा थांबला आणि दोनदा यायला लागला. भाऊंच्या शेडमध्ये पोरगं ‘मिळालं’ दाबायचं, तो निरोप जायचा, पण ‘पोचला’ असं उत्तर परत यायच्या आत रेंज जायची. फोनला वाटायचं गेलाच नाही. तो पुन्हा पाठवायचा. माझ्याकडे भाऊंच्या खात्यात चारशेच्या आठशे पिना. चिंचवडच्या पोरानं सांगितलं की निरोप निदान एकदा पोचेल अशी हमी असते, एकदाच पोचेल अशी नसते. मग त्यानं दुसऱ्या जातीची रांग घेतली, जी एकाच क्रमांकाचा निरोप पुन्हा आला तर गाळते. आठवडाभर बरं चाललं. नंतर पुन्हा आठशे. तर ती गाळणी पाच मिनिटांपुरतीच होती. पाच मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा आला तर गाळणार, नंतर आला तर नवा समजणार. आणि भाऊंचा फोन शेडच्या मागून पुढे यायला वीस मिनिटं लागतात, कारण पोरगं मध्ये चहा पितं.

यावरचा उपाय आमच्या अकाउंट्सच्या टेबलावर सापडला. पाच कोटींच्या वरच्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागू झालं, तेव्हापासून प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून आयआरएन हा नोंदणी नंबर घ्यावा लागतो. एके दिवशी नेट गेलं, अकाउंट्सवाल्या मुलीनं तेच बिल दोनदा चढवलं आणि पडद्यावर लाल अक्षरांत ‘डुप्लिकेट आयआरएन’. मी घाबरले. ती शांत. ‘काही होत नाही ताई. त्याला कळतं हे तेच बिल आहे.’ कसं कळतं? ती म्हणाली, तो ६४ अक्षरांचा नंबर हवेतून येत नाही. आपला जीएसटी नंबर, बिल नंबर, कागदाचा प्रकार आणि आर्थिक वर्ष यांच्यापासूनच तयार होतो. तेच बिल दहादा पाठवलं तरी दहादा तोच नंबर निघणार, आणि तो आधीच वहीत आहे म्हटल्यावर पोर्टल दुसऱ्यांदा लिहून घेणार नाही.

मी तिला तिथेच चहा पाजला. आमचा चिंचवडचा पोरगा दर निरोपाला नवा नंबर द्यायचा, बटण दाबलं की एक. तो बदलायला लावला. आता नंबर चलान, क्रेट, कोणाकडून, कोणाकडे आणि कुठली पायरी यांच्यापासून बनतो, आणि मुख्य वहीत तो नंबर दुसऱ्यांदा शिरूच शकत नाही, पाच मिनिटांनी येवो की पाच महिन्यांनी. भाऊंच्या पोराला सांगून टाकलं, शंका आली तर बिनधास्त पुन्हा दाब. तो आता कंटाळा आला तरी दाबतो.

पण खरी भांडणं यंत्राशी नव्हतीच. ती ‘मिळालं’ या शब्दावरून झाली.

काका किलोवर रेट लावतात. त्यांच्या बापजन्मात कोणी नग मोजलेले नाहीत. माझं चलान नगांवर. चारशे पिना म्हणजे ७२ किलो, असं मी म्हणते. पण टर्निंगमध्ये पिनेमागे एका ग्रॅमचा फरक पडला, तर चारशेत चारशे ग्रॅम होतात, म्हणजे दोन पिना. क्रेटला आतून तेल लागलेलं असतं, त्याचं वजन वेगळं. प्लेटिंगनंतर चारशे पिनांवर सव्वाशे-दीडशे ग्रॅम जस्त चढतं, म्हणजे काट्यावर जवळजवळ एक पिन जास्त दिसते. तिघेही खरं बोलत असताना तिघांचे आकडे वेगळे येतात. पूर्वी हे वह्यांत दडून राहायचं. एकच वही झाल्यावर रोज सकाळी लाल रेघ.

आणि ‘मिळालं’ कोण म्हणणार? टेम्पो आला की काकांकडचा माणूस क्रेट उतरवतो आणि बटण दाबतो. त्यानं क्रेट मोजलेत, पिना नाही. जुन्या चलानांवर काका स्वतःच्या अक्षरात लिहायचे, ‘माल मोजणीविना स्वीकारला’. चलानाच्या आमच्या प्रतीवर तो शेरा वर्षानुवर्षं येत होता, मी फाइल करत होते, आणि कधी वाचला नव्हता. आमच्या दोन बटणांनी त्यांचा तो शेराच काढून घेतला होता. काका आले आणि स्पष्ट म्हणाले, ‘ताई, तुमचं मशिन माझ्याकडून खोटं बोलवून घेतंय.’

तीन बटणं केली. पाठवला, उतरला, मोजला. उतरला म्हणजे क्रेट किती. मोजला म्हणजे पिना किती, आणि त्या नगांवर मोजल्या की काट्यावर. काट्यावर असेल तर दहा पिना वेगळ्या वजन करून सरासरी टाकायची. दोन पिनांपर्यंतचा फरक काट्याचा समजून सोडायचा, पण लिहायचाच. हे ठरवायला तीन बैठका लागल्या, त्यातली शेवटची भाऊंच्या शेडवर मिसळ खात झाली. प्रोग्राम बदलायला पोराला दोन दिवस लागले.

एका मुद्द्यावर मी हरले, आणि बरं झालं हरले. चोवीस तासांत कोणी मोजलं नाही तर ‘मान्य’ धरावं, असं माझं म्हणणं होतं. नाहीतर कोणी मोजणारच नाही. भाऊ एरवी कमी बोलतात. ते म्हणाले, ‘मॅडम, माझा माणूस आजारी पडला म्हणून मी तुमचा आकडा मान्य केला असं कसं होईल?’ मग असं ठरलं की चोवीस तास झाले की रेघ लाल होईल, मला आणि त्यांना फोन जाईल, आणि कोणीतरी माणूस उत्तर देईपर्यंत ती लालच राहील. आपोआप काहीही मान्य होणार नाही. सुरुवातीला रोज सात-आठ लाल रेघा असायच्या. आता आठवड्याला एखादी.

वेळेचा घोळ चाकणच्या ऑडिटरनं पकडला. त्यांची बाई आमच्या नोंदी बघत होती आणि एका बॅचवर बोट ठेवून थांबली. प्लेटिंग संपलं ११ वाजून २० मिनिटांनी, ओव्हनमध्ये घातल्याची नोंद साडेचारला. पाच तास दहा मिनिटं. ड्रॉइंगवर ४ तास. मी भाऊंना फोन लावला, ते शपथेवर सांगत होते की पिना अडीचच्या आधी ओव्हनमध्ये होत्या. ओव्हनला तापमानाचा कागदी चार्ट आहे, गोल, पेन फिरतं तो. त्याचा फोटो मागवला. दोन वाजून दहा मिनिटांनी दार उघडल्याचा खड्डा चार्टवर स्पष्ट होता. मग साडेचार कुठून आले? ओव्हन शेडच्या मागे. तिथे रेंज नाही. भाऊंच्या पोरानं स्कॅन दोन दहालाच केला होता, निरोप पोचला फोन पुढे आल्यावर. आणि आमच्या वहीत निरोप पोचल्याची वेळ पडत होती.

त्या दिवसापासून दोन वेळा लिहितो, स्कॅन केल्याची आणि पोचल्याची. फोनचं घड्याळ चुकीचं असू शकतं, म्हणून फोन रेंजमध्ये असताना ते तपासून फरक टिपून ठेवतो. ऑडिटर बाईंनी चार्ट बघून मुद्दा मिटवला, पण अहवालात एक ओळ लिहिलीच. ती ओळ योग्य होती. गोल चार्ट नसता तर आमच्या त्या क्लाउडवरच्या वहीनं चांगला माल नापास करून दाखवला असता.

बॅकअपचं थोडक्यात सांगते, कारण त्यात शहाणपणापेक्षा फजिती जास्त आहे. एका गुरुवारी आम्ही ठरवून रंगीत तालीम केली, सगळं गेलं असं समजून बॅकअपमधून परत उभं करायचं. बॅकअप व्यवस्थित होता. उघडायला ओटीपी हवा होता. ओटीपी गेला आमच्याकडून सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या नंबरवर. तो रांजणगावला, शिफ्टवर, फोन लॉकरमध्ये. तीन तासांनी त्याचा उलट फोन आला. तोवर ओटीपी केव्हाच मेला होता. आता तो नंबर कंपनीच्या सिमवर आहे आणि सिम साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, एका जुन्या बटणांच्या फोनमध्ये. त्याचं चार्जिंग दर सोमवारी मी बघते. वहीची एक प्रत दर महिन्याला काका आणि भाऊ दोघांनाही मिळते, साध्या फाइलमध्ये, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडणारी. उद्या आम्ही क्लाउड बदलला किंवा आमचं-त्यांचं बिनसलं, तरी त्यांचा हिशेब त्यांच्याकडे. ही मागणी काकांची होती, आणि ती मान्य झाल्यावरच त्यांनी पहिल्यांदा मनापासून स्कॅन करायला सुरुवात केली असं मला वाटतं.

गेल्या बुधवारचं सांगते. संध्याकाळी रेघ लाल झाली. पाठवल्या ४००, काकांकडे नगांवर मोजून ३९७. तीन म्हणजे काट्यावर ढकलता येण्यासारखं नाही. फोन लावायच्या आधीच त्यांचा आला.

‘ताई, माझ्याकडे तीनदा मोजलंय.’

‘काका, मी आमच्याकडे बघते. थांबा जरा.’

इन्स्पेक्शनच्या टेबलावर, हाइट गेजच्या मागे, कपड्यात गुंडाळून तीन पिना. आमच्याच मुलानं मापं दाखवायला काढून ठेवल्या होत्या, चाकणचा माणूस येणार होता म्हणून. मी दुरुस्तीची नोंद टाकली, कारण लिहिलं, काकांकडे पाठवली. दोन मिनिटांत त्यांचं ‘मान्य’ आलं, आणि लगेच पुन्हा फोन.

‘तो चारशेचा आकडा खोडलात का?’

‘नाही काका. तो तसाच आहे. खाली उणे तीन.’

‘हां. खोडू नका. मीही माझ्या वहीत तसंच लिहितो.’

वही त्यांनी अजून बंद केलेली नाही.